काडतुसाची निवड : एक प्रस्तावना

रायफलच्या काडतुसात वस्तू चारच असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट आवळलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर टोला बसतो, तिची ठिणगी दारूला लागते, दारू क्षणार्धात जळून वायू होते आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीबाहेर पडते. नळीतल्या पिळदार खाचांमुळे ती स्वतःभोवती गरगरत जाते, म्हणून तिचे टोक पुढेच राहते. या चार वस्तूंची मापे कमीजास्त करून गेल्या दीडशे वर्षांत शेकडो काडतुसे निघाली. बरीचशी दहा-वीस वर्षांत दुकानांतून नाहीशी झाली. काही मात्र शंभरी ओलांडूनही रोजच्या वापरात आहेत, आणि टिकलेल्यांत सर्वांत जोरकस काडतुसे फार थोडी आहेत. नेमबाज एक काडतूस हातात घेतो आणि दुसरे बाजूला ठेवतो, तेव्हा जोराखेरीज त्याने काय काय जोखलेले असते, हा या विषयाचा गाभा आहे.

काडतुसांची नावे नवख्याला गोंधळात टाकतात, कारण ती एका पद्धतीने ठेवलेली नाहीत. युरोपीय पद्धत त्यातल्या त्यात सरळ आहे. ७.६२×५१ म्हणजे नळीचा व्यास ७.६२ मि.मी. आणि पुंगळीची लांबी ५१ मि.मी. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असेल तर पुढे 'आर' हे अक्षर लागते. इंग्रजी पद्धतीत इंचाचे अपूर्णांक असतात, तेही नेहमी खरे नसतात. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास असते, कारण नावातला आकडा नळीतल्या खाचांमधल्या उंचवट्यांवरून मोजलेला आहे. अमेरिकेत .३०-०६ मधला '०६' हा १९०६ साल दाखवतो, तर .३०-३० मधला दुसरा '३०' मुळात दारूचे ग्रेन दाखवत होता. थोडक्यात, नावावरून काडतुसाची ओळख पटते, गुण कळत नाहीत.

गुण कळण्यासाठी दारूपासून सुरुवात करावी लागते. एकोणिसाव्या शतकात काळ्या दारूवर चालणाऱ्या रायफली गोळीला सेकंदाला चारशे मीटरच्या पलीकडे फारसे नेऊ शकत नसत. जोर वाढवायचा तर गोळी मोठी करायची, एवढाच उपाय होता. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी त्यामुळेच ३१ ग्रॅमची आणि ११ मि.मी.हून जाड होती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्ह्यॅय याने धूर न करणारी दारू तयार केली, आणि १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये ८ मि.मी.ची गोळी सेकंदाला सहाशे मीटरच्या पुढे गेली. लहान गोळी वेगाने फेकता येते हे एकदा दिसल्यावर सर्व देशांची धावपळ सुरू झाली. जर्मन मॉउझरचे ७×५७, स्वीडन-नॉर्वेचे ६.५×५५, ब्रिटनचे .३०३, अमेरिकेचे .३०-०६ ही सारी पुढच्या वीस वर्षांतली अपत्ये. लहानग्या .२२ लाँग रायफलचा जन्म १८८७ चा आणि हत्ती-गव्यांसाठीच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचा १९१२ चा. आज ज्यांच्याविषयी नेमबाजांत हिरिरीने वाद होतात, त्या बहुतेक काडतुसांचे मूळ साचे या पंचवीस वर्षांतच पक्के झाले होते.

पुढे काय बदलत गेले ते समजण्यासाठी बंदुकीच्या मागच्या टोकाकडे, म्हणजे नेमबाजाच्या खांद्याकडे पाहावे लागते. गोळी आणि जळती दारू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. हा निसर्गनियम आहे, त्यातून सुटका नाही. चार किलोच्या रायफलीत .३०८ विंचेस्टरचे साधे काडतूस झाडले तर खांद्याला सुमारे १८ ज्यूलचा धक्का बसतो, .२४३ चा १० ज्यूलच्या आसपास, आणि .३७५ चा पन्नासच्या वर. ऑलिंपिकच्या जड रायफलीत .२२ चा धक्का ज्यूलच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. आकडे कोरडे वाटतात, पण त्यांचा परिणाम नेमावर थेट दिसतो. धक्का जास्त झाला की शरीर तो आधीच ओळखू लागते. चाप पूर्ण ओढला जाण्यापूर्वीच खांदा आखडतो, पापणी मिटते, मनगट खाली दाबले जाते.

ही खोड पकडण्याची प्रशिक्षकांची एक जुनी युक्ती आहे. ते शिकाऊ नेमबाजाच्या काडतुसांत त्याच्या नकळत एखादे निकामी काडतूस घालतात. त्याची पाळी आली की फक्त 'टक्' असा आवाज होतो. धक्का नाही, धूर नाही, तरीही नळीचे तोंड बोटभर खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. प्रत्येक खऱ्या गोळीच्या वेळी ते तसेच झुकत होते, फक्त धक्क्याच्या गोंधळात ते लपत होते. अशा नेमबाजाला अधिक जोराचे काडतूस दिले तर त्याचा नेम आणखी बिघडतो. त्याला एक पायरी खाली आणले तर पंधरा दिवसांत फरक दिसतो. अनुभवी नेमबाज हलके काडतूस निवडतो त्यामागे बहुधा हेच कारण असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चुकीच्या जागी लागलेली जोरदार गोळी योग्य जागी लागलेल्या सौम्य गोळीची बरोबरी करू शकत नाही.

ही गोष्ट सर्वांत लख्ख दिसते ती सर्वांत लहान काडतुसात. ५० मीटर रायफल स्पर्धेत .२२ लाँग रायफल हे एकच काडतूस चालते. गोळी शिशाची, ४० ग्रेनची म्हणजे २.६ ग्रॅमची, व्यास ५.६ मि.मी. लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. असतो, म्हणजे गोळीच्या दुपटीहूनही कमी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले ते याच काडतुसावर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी जिंकले, तेही यावरच. सर्वांचे काडतूस एकच असेल तर निवड कशाची करायची, असा प्रश्न इथे पडू शकतो. पण निवडीचा सर्वांत बारीक आणि कष्टाचा प्रकार नेमका याच खेळात आहे.

पहिली निवड वेगाची. बाजारात .२२ ची जलद काडतुसे मिळतात, त्यांची गोळी सेकंदाला ३८० मीटरने निघते. स्पर्धेची गोळी मात्र ३२० ते ३३० मीटरने, म्हणजे आवाजाच्या वेगाहून किंचित कमी वेगाने सुटते. जलद गोळीला वारा कमी लागेल असे कोणालाही वाटेल, पण प्रत्यक्षात उलटे घडते. आवाजाच्या वेगाच्या आगेमागे हवेचा विरोध एकदम वाढतो, जलद गोळी निघाल्या निघाल्या वेग गमावू लागते, आणि आडव्या वाऱ्यात ती मंद गोळीपेक्षा जास्त सरकते. शिवाय आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना ती डळमळते. मंद गोळीला तो उंबरठा ओलांडावाच लागत नाही. म्हणून जगभरचे अव्वल नेमबाज मुद्दाम मंद काडतूस वापरतात.

दुसरी निवड लॉटची, म्हणजे एकत्र तयार झालेल्या काडतुसांच्या खेपेची. .२२ च्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत गरगर फिरवून पसरवलेले असते. वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे मोठ्या काडतुसांचे शौकीन घरी दारू तोलून जी जुळवाजुळव करतात तिला इथे वाव नाही. कारखान्यातून जे आले तेच वापरायचे. आणि तोच कारखाना, तेच यंत्र, तेच नाव असूनही एका लॉटची काडतुसे दुसऱ्या लॉटपेक्षा वेगळी वागतात. ब्रिटनच्या इलीची टेनेक्स, जर्मनीच्या आरडब्ल्यूएसची आर५०, लापुआची वरच्या श्रेणीची काडतुसे या साऱ्यांच्या खोक्यांवर लॉटचा क्रमांक छापलेला असतो, आणि नेमबाजाचे लक्ष नावापेक्षा त्या क्रमांकाकडे असते. या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. तिथे रायफल शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाच्या हाताचा थरथराट मोजणीत येत नाही. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या ५० मीटरवर झाडून छिद्रांचा पुंजका मिलिमीटरात मोजतात. एका लॉटचा पुंजका दहाच्या वर्तुळात निवांत मावतो, दुसऱ्या लॉटची एखादी गोळी कारण नसताना बाहेर पडते. ज्या लॉटवर नळी खूश झाली त्याची हजारो काडतुसे एकदम खरेदी केली जातात, कारण तो लॉट संपला की पुन्हा तयार होणार नसतो. एकाच कंपनीच्या दोन सारख्या रायफलींना वेगवेगळे लॉट पसंत पडतात, त्यामुळे सहकाऱ्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. गोळीवरचे मेणचट वंगण नळीत थर धरते, म्हणून काडतूस बदलल्यावर पहिल्या काही गोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. एका दशांश गुणावर पदक ठरते अशा खेळात ही मेहनत अनाठायी म्हणता येत नाही.

अंतर वाढले की वाऱ्याचे राज्य सुरू होते. ३०० मीटरच्या स्पर्धेत पूर्वी फौजी काडतुसे चालत, आता तिथे ६ मि.मी. बीआर नॉर्मासारख्या आखूड, सौम्य काडतुसांचा वरचष्मा आहे. टेबलावर रायफल टेकवून शंभर-दोनशे यार्डांवर छिद्रांचे पुंजके काढण्याच्या बेंचरेस्ट खेळात १९७५ च्या सुमारास लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी बनवलेले ६ पीपीसी अजून पहिल्या रांगेत आहे. आखूड, जाडसर पुंगळीत दारू अधिक एकसारखी जळते, असा त्यामागचा विचार आहे. खरी चुरस मात्र हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांच्या पल्ल्यावर लागते. गुरुत्वाकर्षणाने गोळी किती खाली येणार हे आधी मोजून ठेवता येते, कारण ते रोज सारखेच असते. वारा मात्र प्रत्येक गोळीला नवा असतो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .३०८ ची नेहमीची स्पर्धेची गोळी या पल्ल्यावर दोन मीटरांहून अधिक सरकते, तर ६.५ क्रीडमूरची लांब, निमुळती गोळी दीड मीटरच्या आसपास. नेमबाजाने वाऱ्याचा अंदाज एक चतुर्थांशाने चुकवला, तर पहिल्या काडतुसात चूक अर्ध्या मीटरहून मोठी होते आणि दुसऱ्यात त्याहून बरीच लहान राहते. चूक सर्वांकडून होते, पण काडतूस तिची किंमत कमी करू शकते.

६.५ क्रीडमूरची गोष्ट इथे सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण लोकप्रियता कशी घडते हे तिच्यातून नीट कळते. १९९७ मध्ये रेमिंग्टनने .२६० रेमिंग्टन बाजारात आणले. ते .३०८ च्या पुंगळीचे तोंड आवळून केलेले आणि त्याच ६.५ मि.मी. व्यासाचे होते. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हॉर्नडी कंपनीने क्रीडमूर आणले. न्यूयॉर्कजवळच्या ज्या जुन्या मैदानावर १८७४ मध्ये अमेरिकन आणि आयरिश संघांचा गाजलेला सामना झाला, त्याचे नाव या काडतुसाला दिले. दोन्हींच्या वेगात फरक नाममात्र आहे. .२६० च्या पुंगळीत तर दारू किंचित जास्तच मावते. तरीही क्रीडमूर जगभर पसरले आणि .२६० मागे पडले. कारण मापांत आहे. या वर्गाच्या रायफलींच्या मॅगझिनमध्ये सुमारे ७१ मि.मी. लांबीचे काडतूस मावते. .२६० ची पुंगळी ५१.७ मि.मी.ची, त्यामुळे वाऱ्याला दाद न देणारी लांब गोळी बसवली की ती पुंगळीच्या पोटात खोल ढकलावी लागते. क्रीडमूरची पुंगळी ४८.८ मि.मी.वर थांबवली होती. तीन मि.मी.च्या या काटकसरीने लांब गोळीला बाहेर राहायला जागा मिळाली. शिवाय क्रीडमूरच्या नळ्या पहिल्यापासून ८ इंचांत एक वेढा अशा पिळाच्या होत्या. लांब गोळी स्थिर ठेवायला तिला जास्त गरगरवावे लागते, आणि .२६० च्या सुरुवातीच्या रायफलींचा पीळ त्याहून सैल होता. तिसरे कारण दुकानातले. हॉर्नडीने स्पर्धेच्या दर्जाची तयार काडतुसे परवडणाऱ्या दरात आणली, आणि सुरुवातीच्या खोक्यांवर आतल्या दारूचे प्रमाणही छापले, म्हणजे घरी काडतुसे भरणाऱ्याला तोच परिणाम साधता यावा. काडतूस, नळी आणि खोके यांचा एकत्र विचार करणारे असे उदाहरण विरळाच. स्वीडिश ६.५×५५ मध्ये हे गुण शंभर वर्षांपूर्वीपासून होते हेही सांगायला हवे, पण ते लांब यंत्रणेच्या रायफलीत बसणारे काडतूस आहे.

या साऱ्याची किंमत नळी मोजते. गोळी जिथून नळीत शिरते त्या घशाशी जळत्या दारूच्या झोताने पोलाद करपत, झिजत जाते. लहान भोकातून जास्त दारू जाळली की झीज वाढते. .३०८ ची चांगली नळी साधारण पाच हजार गोळ्या अचूक चालते असा नेमबाजांचा अनुभव आहे, क्रीडमूरची अडीच-तीन हजार, आणि .२४३ ची त्याहूनही कमी. वर्षाला दोनशे गोळ्या झाडणाऱ्या माणसाला याची फिकीर करण्याचे कारण नाही. आठवड्याला तेवढ्या झाडणाऱ्याला मात्र वर्षातून दोन-तीनदा नळी बदलावी लागू शकते.

शिकारीच्या काडतुसाचे शास्त्र निराळे. तिथे गोळी कागदावर थांबत नाही, आणि तिच्या आत काय आहे याला महत्त्व येते. नरम शिशाचे टोक उघडे ठेवलेली गोळी आत जाऊन कमळासारखी उमलते, सगळी ताकद प्राण्याच्या देहात सोडते आणि त्याला लवकर मरण देते. तांब्याच्या मिश्रधातूत पूर्ण मढवलेली गोळी आरपार जाते. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने .३०३ साठी उघड्या टोकाची गोळी केली, आणि १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी मात्र कायदाच उमलणारी गोळी सक्तीची करतो, कारण प्राणी जखमी होऊन तडफडत राहू नये. दोन्ही नियमांच्या मुळाशी यातना टाळण्याचीच इच्छा आहे.

गोळीची रचना आणि जागा यांपुढे जोर किती दुय्यम ठरू शकतो याचा दाखला ७×५७ देते. लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच काडतूस .२७५ या नावाने विकले. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य याच लहान काडतुसाने. त्याने हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता, लांब मढवलेली गोळी मेंदूपर्यंत सरळ जाते हे त्याला ठाऊक होते, आणि धक्का कमी असल्याने त्याचा नेम हलत नसे. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, आणि रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये तिनेच पडला. पण अंगावर येणाऱ्या मोठ्या जनावरासाठी कॉर्बेटही .४५०/४०० ची दुनळी जवळ ठेवत. बेलचे उदाहरण पुढे करून कोणी लहान काडतूस घेऊन हत्तीसमोर उभा राहिला असता तर जीव गमावून बसला असता. आफ्रिकेतल्या अनेक देशांत आज धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ ही किमान मर्यादा कायद्याने घातलेली आहे ती याच कारणाने.

उष्ण हवेचाही निवडीवर ठसा आहे. तापलेली दारू जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत ठीक चाललेले काडतूस भारतातल्या मे महिन्यात पुंगळी नळीत घट्ट अडकवून ठेवी, आणि समोर जखमी जनावर असताना दुसरी गोळी भरता न येणे म्हणजे मृत्यूशी गाठ. कॉर्डाइट नावाची ब्रिटिश दारू या बाबतीत विशेष हळवी होती. .४५०/४०० किंवा .४१६ रिग्बी यांच्या पुंगळ्या गरजेपेक्षा मोठ्या दिसतात त्या यामुळे. ऐसपैस पोटात दाब कमी राहतो, उन्हाने वाढला तरी धोक्याच्या रेषेखाली असतो. आजच्या दारूवर उष्णतेचा परिणाम पुष्कळ कमी होतो, तरी विदर्भातल्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलेली काडतुसे सावलीतल्या काडतुसांच्या जागीच लागतील, असे धरून चालता येत नाही.

फौजांची निवड वेगळ्या तराजूत होते. सैनिक काडतूस पाठीवर वाहतो, म्हणून वजन आधी. ७.६२×५१ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, ५.५६ चे १२ ग्रॅमचे, म्हणजे त्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. भारतीय सेनेने १९६२ च्या युद्धानंतर .३०३ सोडून ७.६२×५१ ची स्वयंभरण रायफल स्वीकारली, १९९० च्या दशकात ५.५६ ची इन्सास आणली, आणि आता ७.६२×५१ व ७.६२×३९ या दोन्हींकडे पुन्हा वळली आहे. हलके ओझे आणि एका गोळीचा परिणाम यांतली ही ओढाताण जगातल्या सर्व सेनांत चालू आहे.

उरतो कायदा, आणि अनेक देशांत नेमबाजाच्या पसंतीचा पहिला शब्द त्याचाच असतो. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणासाठी किमान .२४० इंच व्यास आणि १,७०० फूट-पौंड म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल ऊर्जा लागते. .२४३ विंचेस्टर या रेषेच्या किंचित वर बसते, धक्काही सौम्य, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांत ते घरोघरी आहे. जर्मनीत रो जातीच्या लहान हरणाखेरीज इतर खुरी प्राण्यांसाठी किमान ६.५ मि.मी. व्यास आणि शंभर मीटरवर २,००० ज्यूल अशी अट आहे. तिथे .२४३ मागे पडते. प्राणी तसेच, अंतरे तशीच, पण सीमा ओलांडली की आवडते काडतूस बदलते.

भारतात कायद्याचा हात याहून खोलवर गेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० व्यासाच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. लोकांकडे शिल्लक असलेल्या .४५० च्या मार्टिनी-हेन्री रायफलींना खाद्य मिळू नये, ही भीती त्यामागे होती. लंडनच्या बंदूककारांचे मोठे गिऱ्हाईक भारतातच होते, त्यामुळे त्यांनी ताबडतोब .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी व्यास थोडा बदललेली काडतुसे काढली. जनावरावर होणाऱ्या परिणामात .४५० आणि .४७० यांत सांगण्याजोगा फरक नाही. तरी पुढे .४७० नायट्रो एक्स्प्रेस हे दुनळी रायफलींचे जगातले सर्वांत रूढ काडतूस झाले आणि आजही आहे. त्याचे मूळ शिकारीत नसून एका वसाहती सरकारच्या धास्तीत आहे.

'थ्री नॉट थ्री' म्हणून घरोघरी माहीत असलेले .३०३ ही फौज-पोलिसांची मिरास राहिली. खडकीच्या १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्याच्या पुंगळ्यांवर 'के. एफ.' ही अक्षरे ठोकलेली असत. सरकारी काडतूस खाजगी बंदुकीत चालू नये, म्हणून नागरिकांच्या रायफलींसाठी ऑस्ट्रियाच्या ८×५०आर मॅनलिखर या फौजी काडतुसाचा आधार घेतला गेला. भारतातल्या ब्रिटिश फौजेत ते नव्हते, त्यामुळे ते चोरीच्या सरकारी गोळ्यांवर चालणार नव्हते. तेच आपले .३१५. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीही हीच विभागणी राहिली. .३०३ प्रतिबंधित बोअर (नळीचे माप), .३१५ आणि .३०-०६ अप्रतिबंधित. .३०-०६ हे .३०३ पेक्षा जोरकस आहे, तरी ते परवान्यावर मिळू शकते, कारण कायद्याने जोर मोजलेला नाही, पुरवठ्याची वाट मोजली आहे. फ्रान्समध्येही २०१३ पर्यंत फौजी काडतुसांबाबत असाच कठोर नियम होता आणि तिथले शिकारी त्याच जोराची वेगळ्या मापाची काडतुसे वापरत.

म्हणून महाराष्ट्रातल्या एखाद्या परवानाधारक शेतकऱ्याच्या घरी .३१५ असेल, तर ती बहुधा त्याने चार काडतुसे तोलून केलेली निवड नसते. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल त्या बोअरची, काडतुसे सरकारी आयुधनिर्माणींची, आणि परवान्यावर एका वेळी व वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा नोंदलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर किंवा नीलगाय यांच्याबाबतही वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. सरावाला पुरतील इतकी काडतुसे हाताशी नसताना, जड गोळीचे, मध्यम वेगाचे, शंभर मीटरच्या आत काम करणारे हे जुने काडतूस त्या गरजेला पुरते. सपाट मार्गाने लांब जाणारी गोळी वस्तीजवळच्या शेतात उलट जास्त धोक्याची. क्रीडा नेमबाजांची वाट वेगळी आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचा पुढाकार लाभलेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या चौकटीत त्यांना परदेशी .२२ काडतुसांची आयात करता येते, आणि लॉट पारखून घेण्याची जी चैन वर सांगितली ती त्यांनाच शक्य होते.

ऑस्ट्रियात ८×५०आर १९३० च्या दशकात फौजी वापरातून गेले आणि युरोपात आज ते जुन्या बंदुकांच्या संग्राहकांपुरते उरले आहे. भारतीय आयुधनिर्माणी मात्र .३१५ या नावाने त्याचे वारस काडतूस आजही तयार करतात.